गावच्या दप्तराची दुसरी प्रत : संगणकाला बाह्य हार्ड डिस्क जोडताना

गावाचा कारभार माणसे चालवितात; पण तो टिकतो दप्तरावर. सरपंच बदलतात, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, मुख्याध्यापक सेवानिवृत्त होतात. मागे राहतात ती कर आकारणीची नोंदवही, ग्रामसभांची इतिवृत्ते, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे जनरल रजिस्टर. एखाद्या नागरिकास वयाचा, वारसाचा किंवा जातीचा पुरावा हवा असतो, तेव्हा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी नेटक्या अक्षरात लिहून ठेवलेली एक ओळ त्याच्या कामी येते.

२०११ पासून 'संग्राम' प्रकल्पाद्वारे आणि त्यानंतर 'आपले सरकार सेवा केंद्रां'च्या माध्यमातून राज्यातील ग्रामपंचायतींचे कामकाज संगणकावर आले. शाळांतही संगणक आले. लिखाण सुबक झाले, दाखले लवकर मिळू लागले. परंतु एक नवी अडचणही उभी राहिली. पूर्वी दप्तर दहा कपाटांत विखुरलेले असे. आज कार्यालयाचे बरेचसे लेखन एका खोलीतील एका संगणकाच्या तळहाताएवढ्या डिस्कमध्ये साठलेले असते. ती डिस्क एके दिवशी बंद पडली, तर दहाही कपाटे एकदम रिकामी झाल्यासारखे होते. यावरचा साधा व अल्पखर्चाचा उपाय म्हणजे बाह्य हार्ड डिस्क.

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या मार्गावर तामलवाडी हे गाव आहे. एका बाजूस सोलापूरची बाजारपेठ आणि दुसऱ्या बाजूस तालुक्याचे ठिकाण, अशी त्याची सोय आहे. अशा गावी डिस्क विकत आणणे अवघड नाही. ती योग्य रीतीने जोडणे, तिच्यावर प्रत घेणे आणि ती प्रत वेळेला उघडेल याची खात्री करणे, हे खरे काम होय. तामलवाडीसारख्या गावची ग्रामपंचायत व शाळा डोळ्यांसमोर ठेवून त्या कामाचा क्रम येथे दिला आहे.

दप्तर नाहीसे होते तेव्हा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसांचा बळी घेतला. सास्तूरसह अनेक गावांतील दगड-मातीची घरे क्षणार्धात कोसळली. पुढे पुनर्वसनाचे काम सुरू होताच जे प्रश्न समोर येतात, ते सारे दप्तराचेच असतात : घर कोणाच्या नावे होते, कुटुंबात माणसे किती होती, मागे वारस कोण उरले. घर पडले की घरातले कागद जातात. अशा वेळी कार्यालयातील कागद शाबूत असणे किती मोलाचे, हे या जिल्ह्याला सांगावयास नको.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. त्यात पाच जणांचा मृत्यू झाला आणि अनेक विभागांच्या फायली भस्मसात झाल्या. ज्या फायलींची संगणकीय प्रत आधीच तयार होती, त्यांचा आशय वाचला. इतरांची पुनर्बांधणी ठिकठिकाणच्या कार्यालयांतून प्रती मिळवून करावी लागली. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः परंडा व भूम तालुक्यांत, पुराचे पाणी घराघरांत शिरले. आग, पाणी आणि भूकंप यांना राजधानी व वाडी असा भेद नसतो.

जुन्या नोंदीचे मोल किती काळ टिकते, याचेही उदाहरण याच भागातले आहे. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला, तेव्हा मोडी व उर्दू लिपीतील कागद जाणकारांकडून वाचून घ्यावे लागले. लिहिणाऱ्या कारकुनास आपल्या ओळीचा पुढे कोणता उपयोग होईल याची कल्पना नव्हती. आजच्या नोंदीबाबतही तीच स्थिती आहे.

सर्व काही ऑनलाइन आहे, मग डिस्क कशाला?

हा प्रश्न ग्रामपंचायतींतून नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. सातबारा उतारे महसूल खात्याच्या संगणक प्रणालीत असतात. ग्रामपंचायतीचे जमाखर्च व विकास आराखडे २०२० मध्ये सुरू झालेल्या 'ई-ग्रामस्वराज' प्रणालीत भरले जातात. विद्यार्थ्यांची माहिती 'यू-डायस प्लस'वर असते. या माहितीची प्रत सांभाळणे हे त्या त्या यंत्रणेचे काम आहे.

परंतु कार्यालयाच्या संगणकात याखेरीज पुष्कळ काही असते. ग्रामसभेच्या इतिवृत्तांची छायाप्रत, करवसुलीचे तक्ते, लेखापरीक्षणाच्या आक्षेपांची पूर्तता, विकासकामांची आधीची व नंतरची छायाचित्रे, आलेल्या अर्जांना दिलेली उत्तरे, शाळेचे निकालपत्रक आणि स्कॅन केलेली जुनी रजिस्टरे यांतील बरेचसे कोठेही ऑनलाइन नसते. माहितीच्या अधिकारात अर्ज आला, की शोध नेमका याच कागदांचा घ्यावा लागतो. डिस्कचा खरा उपयोग या माहितीसाठी आहे.

डिस्कची निवड

बाजारात दोन प्रकारच्या बाह्य डिस्क मिळतात. पहिल्या प्रकारात चुंबकीय थर दिलेली तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून वाचन-लेखन करणारे टोक फिरते. याच तत्त्वावरचे पहिले यंत्र आयबीएम कंपनीने १९५६ साली आणले. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन एक टनाच्या आसपास होते आणि त्यात मावत असे सुमारे ५ मेगाबाईट इतका मजकूर. आजच्या मोबाईलमधील एका छायाचित्रास कधीकधी तेवढी जागा लागते. दुसऱ्या प्रकारास 'एसएसडी' म्हणतात. तिच्यात फिरणारा भाग नसतो. त्यामुळे ती वेगवान असते आणि पडल्याने सहसा बिघडत नाही. मात्र ती महाग असते, आणि वर्षानुवर्षे वीजपुरवठ्याविना पडून राहिल्यास तिच्यातील माहिती क्षीण होण्याचा संभव असतो. मधूनमधून जोडून पुन्हा कपाटात ठेवावयाच्या प्रतीसाठी साधी हार्ड डिस्क पुरेशी आहे. फक्त ती पडू देता कामा नये.

किती क्षमतेची डिस्क घ्यावी, याचा हिशेब सोपा आहे. रजिस्टरचे एक पान स्पष्ट वाचता येईल असे रंगीत स्कॅन केले, तर साधारण १ मेगाबाईट जागा लागते. २०० पानांच्या रजिस्टरला २०० मेगाबाईट. या हिशेबाने १ टेराबाईटच्या डिस्कवर अशी सुमारे ५,००० रजिस्टरे मावतील. गावच्या कार्यालयास याहून मोठी डिस्क सहसा लागत नाही. उरलेल्या रकमेत दुसरी डिस्क घेणे अधिक शहाणपणाचे; त्याचे कारण पुढे येईल.

डिस्क येताच तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत अनुक्रमांकासह घ्यावी. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. १ टेराबाईटची डिस्क विंडोज संगणकास जोडल्यावर पडद्यावर सुमारे ९३१ गिगाबाईट एवढीच क्षमता दिसते. पुरवठादाराने कमी माल दिला, असा याचा अर्थ नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १,०२४ च्या पटीत. तो केवळ मापांतील फरक आहे.

जोडणीचा क्रम

लहान आकाराच्या डिस्कला स्वतंत्र विजेची गरज नसते. ती यूएसबी केबलमधूनच वीज घेते. मोठ्या आकाराच्या डिस्कसोबत वेगळा अडॅप्टर येतो. संगणक सुरू करून तो स्थिर झाला की डिस्क थेट संगणकाच्या खाचेत जोडावी. अनेक खाचांच्या जोडपट्टीत जोडू नये, कारण तेथे वीज अपुरी पडू शकते. ज्या खाचेच्या आत निळा रंग असतो, ती बहुधा यूएसबी ३ ची असते व तिचा वेग पुष्कळ अधिक असतो. १०० गिगाबाईट माहितीची प्रत जुन्या यूएसबी २ च्या खाचेतून घेण्यास जवळजवळ एक तास लागतो; यूएसबी ३ मधून तेच काम वीस मिनिटांच्या आसपास होते.

काही क्षणांत डिस्कचे चिन्ह व तिला मिळालेले अक्षर पडद्यावर दिसते. न दिसल्यास घाबरून जाऊ नये. प्रथम दुसरी खाच व दुसरी केबल वापरून पाहावी. बिघाड पुष्कळदा केबलमध्येच असतो. तरीही चिन्ह न दिसल्यास विंडोजमधील 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. नवी कोरी डिस्क तेथे 'इनिशियलाइज' करण्याची, म्हणजे तिची प्राथमिक आखणी करण्याची विचारणा होते. ती मान्य करून 'जीपीटी' हा पर्याय निवडावा.

यानंतर येते 'फॉरमॅट'. कोऱ्या वहीवर जशा रेघा आखतात, तशी डिस्कवर माहिती ठेवण्याची चौकट या क्रियेने आखली जाते. मात्र तिच्यात आधीची माहिती पुसली जाते. म्हणून एक नियम पक्का ध्यानात ठेवावा : नव्या डिस्कवर फॉरमॅट करावे, पण माहिती असलेली जुनी डिस्क जोडल्यावर संगणकाने 'फॉरमॅट करू का?' असे विचारल्यास नकार द्यावा व जाणकारास दाखवावे. अशा वेळी घाईने दिलेला होकार वर्षांचे काम घालवितो.

चौकटीचे प्रमुख प्रकार तीन आहेत. 'फॅट-३२' हा जुना प्रकार असून त्यात ४ गिगाबाईटहून मोठी एक फाईल मावत नाही. 'एक्सफॅट' हा विंडोज व मॅक अशा दोन्ही प्रकारच्या संगणकांवर लिहिता-वाचता येतो. 'एनटीएफएस' हा विंडोजचा मुख्य प्रकार आहे. त्यात प्रत्येक बदलाची टिपण ठेवली जात असल्याने मध्येच वीज गेल्यास चौकट मोडण्याचा धोका कमी असतो. जेथे केवळ विंडोज संगणक आहेत आणि वीज वारंवार जाते, तेथे एनटीएफएस निवडावे. काम चालू असताना संगणक यूपीएसवर असावा, हे ओघानेच आले.

प्रत घेताना

डिस्कला ओळखता येईल असे नाव द्यावे, उदाहरणार्थ 'तामलवाडी ग्रापं प्रत १'. आत वर्षवार आणि विषयवार कप्पे करावेत : 'इतिवृत्ते', 'कर आकारणी', 'विकासकामे', 'पत्रव्यवहार', 'जुनी रजिस्टरे'. प्रत्येक वेळी नवी प्रत त्या दिवसाच्या तारखेच्या कप्प्यात घ्यावी. जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवू नये. मागील महिन्यात एखादा तक्ता चुकून बिघडला असेल, तर त्याची शाबूत प्रत आधीच्या तारखेच्या कप्प्यात सापडते. हीच क्रिया ठरावीक वेळी आपोआप करणाऱ्या सोयीही विंडोजमध्ये आहेत. पण पहिले काही महिने हाताने काम केल्यास कोठे काय आहे, हे कर्मचाऱ्यास नीट कळते.

फाईल डिस्कवर 'हलवू' नये, तिची 'प्रत' घ्यावी. हा शब्दांचा खेळ नव्हे. संगणकातील जागा मोकळी करण्यासाठी सर्व फायली बाह्य डिस्कवर हलविल्या, तर आधीही एकच प्रत होती व नंतरही एकच राहते. फरक इतकाच, की ती आता हातातून पडू शकणाऱ्या वस्तूत आहे. अनेक ठिकाणी बाह्य डिस्क हे जादा कपाट समजले जाते. ते कपाट नव्हे; ती दुसरी प्रत आहे.

मराठी मजकुराबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा मजकूर निरनिराळ्या फाँटांत टंकलिखित केलेला असे. तो फाँट नव्या संगणकात नसला, की अक्षरांच्या जागी अर्थहीन चिन्हे उमटतात. असा मजकूर जुन्या संगणकावर वाचता येत आहे तोवरच त्याची पीडीएफ प्रत करून डिस्कवर ठेवावी. मोडी कागद वाचण्यास जाणकार तरी मिळतात. हरवलेल्या फाँटातील मजकूर उलगडणे त्याहून त्रासाचे ठरू शकते.

काम संपल्यावर केबल ओढून काढू नये. 'सेफली रिमूव्ह हार्डवेअर' किंवा 'इजेक्ट' ही सूचना द्यावी, परवानगीचा संदेश येऊ द्यावा, तबकडी थांबण्यास काही क्षण द्यावेत आणि मगच डिस्क उचलावी. पडद्यावर प्रत पूर्ण झालेली दिसली, तरी शेवटचा मजकूर कधीकधी लिहिला जावयाचा असतो.

उघडून पाहिल्याशिवाय प्रत मानू नये

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते येथे. प्रत घेतली, डिस्क कपाटात ठेवली, नोंदवहीत सही झाली. पण ती डिस्क वर्षभर कोणी उघडलीच नाही, असे घडते. गरजेच्या दिवशी ती उघडत नाही, किंवा उघडते आणि आत हवा तोच कप्पा नसतो.

यास्तव प्रत घेतल्यावर तीन गोष्टी पडताळाव्यात. मूळ कप्प्यातील व प्रतीतील फायलींची संख्या सारखी आहे काय; दोन्हींचा एकूण आकार जुळतो काय; आणि डिस्क दुसऱ्याच संगणकास जोडल्यावर कोणत्याही पाच फायली उघडून वाचता येतात काय. ग्रामपंचायतीची डिस्क शाळेतील संगणकावर व शाळेची ग्रामपंचायतीतील संगणकावर, तेथील जबाबदार व्यक्तीसमक्ष, उघडून पाहता येईल. मात्र दोन्ही संगणकांवरील विषाणूरोधक व्यवस्था अद्ययावत असली पाहिजे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभांचे परिचित दिवस आहेत. त्यापूर्वीच्या आठवड्यात ही पडताळणी ठेवल्यास वर्षातून चार वेळा ती विनासायास होईल.

डिस्क कोठे व कोणाकडे

माहितीच्या जतनासाठी जगभर एक साधे सूत्र मानले जाते : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. गावाच्या भाषेत सांगावयाचे, तर एक प्रत संगणकात, दुसरी कार्यालयाच्या लोखंडी कपाटातील डिस्कवर आणि तिसरी गावाबाहेर. तामलवाडीसाठी तिसरी प्रत तुळजापूर येथे पंचायत समितीच्या कार्यालयात, पोच घेऊन, ठेवता येईल. एकच डिस्क संगणकाशेजारीच ठेवल्यास आग, पाणी व चोर हे तिन्ही दोघांना एकदमच गाठतात.

डिस्क कायम जोडलेली ठेवणेही घातक आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने अनेक देशांतील संगणकांमधील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. अशा विषाणूच्या तावडीत संगणकास त्या वेळी जोडलेली डिस्कही सापडते. कपाटातील डिस्क सुरक्षित राहते. विंडोज १० या प्रणालीस मिळणारे नियमित सुरक्षा-पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. ज्या कार्यालयांत ती अद्याप वापरात आहे, त्यांनी याबाबत अधिकच सावध राहावे.

डिस्कवर नागरिकांच्या आधार कार्डांच्या व बँक पासबुकांच्या प्रती असू शकतात. अशी डिस्क हरवणे म्हणजे शेकडो कुटुंबांचे खाजगी कागद रस्त्यावर पडणे होय. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला आहे. विंडोजच्या 'प्रो' आवृत्तीतील 'बिटलॉकर' या सोयीने डिस्क संकेतशब्दाने बंद करता येते. त्या वेळी मिळणारा ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक छापून, मोहोरबंद पाकिटात, डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवावा. संकेतशब्द व हा क्रमांक दोन्ही हरवले, तर ती डिस्क चोरालाच नव्हे, मालकालाही उघडत नाही. जुनी डिस्क निकाली काढताना केवळ फायली पुसून भागत नाही. पुसलेली माहिती परत मिळविता येते. सबब डिस्क पूर्णपणे पुसून किंवा नष्ट करूनच ती ई-कचऱ्यात द्यावी.

कार्यभार देताना

ग्रामपंचायत अधिकारी किंवा मुख्याध्यापक यांची बदली होते, तेव्हा कार्यभाराच्या यादीत टेबल, खुर्ची, कपाट व शिक्के येतात. त्या यादीत यापुढे तीन ओळींची भर घालणे आवश्यक आहे : डिस्कचा अनुक्रमांक, शेवटची प्रत घेतल्याची तारीख, आणि संकेतशब्दाचे पाकीट कोठे आहे याची नोंद. नव्या अधिकाऱ्याने सही करण्यापूर्वी डिस्क समक्ष जोडून, एक जुने इतिवृत्त उघडून वाचावे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये शासकीय अभिलेखांच्या जतनाची जबाबदारी सांगितली आहे. संगणकातील अभिलेख त्यास अपवाद नाही.

डिस्कचे आयुष्य अमर्याद नसते. साधारण पाच वर्षांनी, ती चालू असतानाच, नवी डिस्क घेऊन सर्व माहिती तिच्यावर उतरवून घ्यावी. डिस्क खडखड करू लागली किंवा फाईल उघडण्यास नेहमीपेक्षा फार वेळ लागू लागला, तर पाच वर्षांची वाट पाहू नये. पूर्वी जीर्ण झालेल्या वहीची नक्कल नव्या वहीत उतरवून घेण्याची रीत होती. ही तीच रीत आहे.

या सर्व कामास महिन्यातून एक दुपार पुरते. वसुलीचा तक्ता त्या दुपारी तासभर उशिरा पूर्ण होईल, एवढेच. उलट एखाद्या वृद्ध शेतमजुराचा मुलगा शाळा सोडल्याचा तीस वर्षांपूर्वीचा दाखला मागावयास येईल, जुने रजिस्टर वाळवीने खाल्लेले असेल, आणि शिक्षक डिस्क जोडून ते पान पडद्यावर आणतील, त्या दिवशी या कामाची खरी पावती मिळेल.